टिकलीकडे बघत राहा

आत्या गेली तेव्हा माझा फोन एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडलेला होता. मी काम करते तिथे स्कॅनरच्या खोलीत जाण्याआधी चावी, घड्याळ, कानातलं, केसांतली पिन, सगळं त्या ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं, कारण आतला चुंबक कधीच बंद होत नाही. त्या दुपारी मी काचेच्या अलीकडे माइकसमोर बसून आत झोपलेल्या एका विद्यार्थ्याला सांगत होते, “आता चित्रं सुरू होतील. डोकं हलवू नका. टिकलीकडे बघत राहा.” काम संपवून ट्रे पुढे ओढला तर प्रशांतदादाचे बरेच मिस्ड कॉल. दादा मला कधी फोन करत नाही. मी लगेच फोन लावला नाही. आधी कानातलं घातलं, मग घड्याळ बांधलं... जोवर ते बांधत होते तोवर काही झालेलं नव्हतं.

“मिनू, आई गेली वं,” दादा म्हणाला. “जेवून गादीवर बसली होती. मले वाटलं, डुलकी लागली.”

सुमनआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. समुद्रपूरला बसस्टँडजवळ तिचं कापडाचं दुकान. काका, म्हणजे तिचे यजमान, लवकर गेले, तेव्हापासून ते तिनेच चालवलं, आणि मुलगा, म्हणजे प्रशांतदादा, हाताशी आल्यावरही गादीवर तीच बसायची. तिच्या बोलण्याला सुरुवात किंवा शेवट नसायचा. गिऱ्हाईक ब्लाउजपीस घ्यायला यायचं आणि भावजयीचं बाळंतपण सांगून जायचं. मी तिच्या अगदी उलट. मी वर्ध्याला इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करत आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसत, म्हणून दोन्हीकडे कमीच बोलायचं असं मी केव्हातरी ठरवून टाकलं असावं. सुट्टीत समुद्रपूरला गेले की आत्या मला कापडाच्या थानांच्या, म्हणजे ताग्यांच्या, ढिगावर बसवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माही भाची होय. मुकी नाई हाये, बोलणं जपून वापरते.” मला राग यायचा नाही. तिच्याजवळ उत्तर देण्याची घाई नसायची, आणि अशी जागा मला तरी दुसरी सापडली नाही.

पुढे संगणकाचं शिक्षण झाल्यावर मी सावंगीला खोली घेऊन राहू लागले आणि या प्रयोगशाळेत लागले. आमचं काम असं: माणूस स्कॅनरमध्ये झोपतो, त्याला एकामागून एक चित्रं दाखवतात. काही दिसलं की डोक्याच्या मागच्या भागात रक्ताचा ओघ बदलतो आणि स्कॅनर तो टिपतो. कोणतं चित्र पाहिलं की ओघ कसा बदलतो, हे संगणक हळूहळू शिकतो. मग माणसाला एक नवं चित्र दाखवायचं, संगणकाला ते न दाखवता नुसता ओघ द्यायचा आणि विचारायचं, सांग बघू, हा काय बघतोय? संगणक त्याच्या अंदाजाने चित्र काढून देतो. अडचण अशी की प्रत्येकाचं डोकं वेगळं. एकाच्या डोक्यावर शिकलेला संगणक दुसऱ्याच्या डोक्यापुढे अडाणी. म्हणून त्याच माणसाला कित्येक महिने पुन्हा पुन्हा यावं लागतं आणि न हलता पडून राहावं लागतं. विद्यार्थी एकदा-दोनदा यायचे आणि परीक्षेचं कारण सांगून गायब व्हायचे.

हे मी आत्याला सहज सांगितलं होतं. ती म्हणाली, “पडून राह्याचं काम हाये न? मंग मले सांग न माय. अन् मले एक समजत नाई, लोकाइच्या डोक्यातलं काढाले एवढं मोठं मशीन काऊन लागते? विचारलं तं लोक सांगत नाई का?”

“सगळे नाही सांगत, आत्या.”

“हो, तुह्यासारखे असतात काई.”

आणि ती खरंच येऊ लागली. समुद्रपूरहून एसटीने, पिशवीत माझ्यासाठी काहीतरी बांधून. पहिल्या दिवशीचं मला अजून आठवतं. चित्र कोणतंही असो, नजर मधल्या लाल ठिपक्यावर ठेवायची असते. इंग्रजीतल्या सूचना मराठीत करण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते शब्दकोशातून केलं होतं. मी माइकवरून म्हणाले, “मध्यवर्ती बिंदूवर दृष्टी स्थिर ठेवा.” आतून आवाज आला, “कोन बिंदू?” मी म्हणाले, “तो लाल... मधोमध आहे तो...” “टिकली म्हण न मंग!” थोड्या वेळाने पुढची सूचना आली. “आता डोळे मिटा आणि तुमच्या घराची कल्पना करा.” मग आत्या म्हणाली, “कल्पनाले काऊन आणून राह्यली मधात? थे घरी भाजी करून राह्यली असंन.” कल्पना ही तिची सून, प्रशांतदादाची बायको. तंत्रज्ञ खुर्चीवरून उठून बाहेर गेले हसायला. आमच्या सरांना मराठी येत नाही, त्यांना मी समजावून सांगितलं, तर तेही हसले. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या ठिपक्याला सगळे टिकली म्हणतात, इंग्रजी मीटिंगमध्येसुद्धा.

त्या खोलीत एक गोष्ट उलटी झाली. दोन चित्रमालिकांच्या मध्ये थोडा वेळ जातो, तेव्हा आतल्या माणसाला बरं वाटावं म्हणून आम्ही माइकवरून चार शब्द बोलतो. आत्याला ताकीद होती की बोललं की जबडा हलतो आणि जबड्याबरोबर डोकं, म्हणून बोलायचं नाही. तिच्या हातात एक रबरी फुगा दिलेला असायचा, काही लागलं तर दाबायला. आयुष्यात पहिल्यांदा आत्या गप्प आणि मी बोलणारी. सुरुवातीला मी “बरं वाटतंय ना, अजून एकच मालिका आहे” एवढंच म्हणायचे. मग खोलीवरच्या मुलीबद्दल सांगितलं, जी माझ्याशी बोलणं सोडून निघून गेली. मग मेसमध्ये मी भिंतीकडे तोंड करून का बसते ते. काचेपलीकडे मला फक्त तिचे तळपाय दिसायचे. माझं सांगून झालं की ती फुगा एकदा हलका दाबायची. इकडे दिवा लागायचा. नियमाप्रमाणे दिवा लागला की आत धावायचं असतं, पण तंत्रज्ञही शिकले होते, की हलकं दाबलं म्हणजे आत्याचा हुंकार.

बाहेर आल्यावर ती त्यातला कुठलाही विषय काढायची नाही. चित्रांबद्दल मात्र तक्रार असायची. आमची चित्रं इंटरनेटवरची. जिराफ, पिझ्झा, बर्फावरून घसरणारी माणसं, समुद्रात फळीवर उभी राहिलेली माणसं. “तुमच्या मशीनले सगळं फॉरेनचंच दिसते का वं?” म्हणून मी इकडची काही चित्रं टाकली. त्यात जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग होता. आत्याने तो पाहिला, संगणकाने ओघ वाचला आणि चित्र काढलं. बर्फाचा डोंगर, वर सूचीपर्णी झाडं. “अरे बाप्पा!” आत्या म्हणाली, “समुद्रपुरात बरफ पडला!” मी तिला सांगितलं की डोक्यातून येणारी खूण फार पुसट असते, काहीतरी पांढरं, ढिगासारखं, इतकंच कळतं. उरलेलं संगणक त्याने आधी पाहिलेल्या चित्रांतून भरतो, आणि त्याने बर्फ पुष्कळ पाहिलाय, कापूस नाही. तिने मान डोलावली. “म्हंजे नवा माल आला नाई तं जुन्यातला काढून दाखवते. दुकानदारच होय तुहं मशीन.”

आमचा तो टप्पा संपला, आत्याचं येणं थांबलं. नंतर तिचे डोळे जायला लागले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो तो आजार. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. तरी ती गादीवर बसत होती. कापडाला हात लावून पोत सांगायची, रंग दादाला विचारायची. तिचं अडलेलं नव्हतं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. नेहमीसारखा मोठा आवाज नव्हता. “मिनू, मले पोरी दिसून राह्यल्या.” हिरवे फ्रॉक घातलेल्या लहान लहान मुली, दुकानाच्या पायरीवर ओळीने बसलेल्या. बोलत नाहीत, काही मागत नाहीत. कधी थानांवर, कधी घरात कपाटाजवळ. “भास असेल, आत्या,” मी म्हणाले. ती म्हणाली, “भास मले समजते वं. तुह्या काकाचा भास व्हाचा मले, खोकल्याचा. हे तसं नाई. फ्रॉकाची शिलाई दिसते मले. तुह्यं तोंड दिसणार नाई, पन थे शिलाई दिसते.”

तिने हे एका गिऱ्हाइकासमोर बोलून टाकलं होतं, “पोरीइले जरा सरकवा, मंग बसा.” गावात बातमी व्हायला तेवढं पुरलं. दादाने तिला गादीवरून उठवलं. रागाने नाही, तो घाबरला होता. “आई, तू घरीच बस, आराम कर.” आत्याला आराम हा शब्द शिवीसारखा लागला. तो तिला गिरडला घेऊन गेला, टेकडीवर दर्ग्यात. आत्या आनंदाने गेली, तिला तिथली हवा आवडायची. उतरताना दादाने विचारलं, आता बरं वाटतं का, तर म्हणाली, “मले बरंच होतं. पोरीबी आल्या होत्या. त्याइले चढाचा काई त्रास नाई.” त्यानंतर घरात तिच्याशी सगळे लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले. मी गेले तेव्हा पाहिलं. ती काही म्हणाली की कल्पनावहिनी “हो का, आई” म्हणायची आणि दादाकडे बघायची. आत्याला बघणं दिसत नव्हतं, पण मधला थांबा ऐकू येत होता. ती हळूहळू बोलायचीच थांबली. तिला गप्प बसलेलं मी स्कॅनरच्या बाहेर कधी पाहिलं नव्हतं.

निघताना तिने माझा हात धरला. “मिनू, मले तुह्या मशीनमध्ये टाक. त्याले माहं डोकं वाचता येते न? मले दिसते का नाई, तेवढं याइले दाखव. मी पागल नाई हाये. मले दुकानात बसाचं आहे.”

मी सरांना विचारलं. मला कुणाला काही विचारणं किती जड जातं ते मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. सर म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण नजर स्थिर राहिली नाही तर सगळं वाया जाईल, आणि आधी नेत्रतज्ज्ञांचं मत घ्या. नेत्रतज्ज्ञ बाईंनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मुळीच आश्चर्य दाखवलं नाही. नजर गेलेल्या बऱ्याच माणसांना असं दिसतं, त्या म्हणाल्या. डोळ्याकडून मेंदूला काही येईनासं झालं की मेंदू स्वतःजवळचं दाखवू लागतो. हे वेड नाही. आत्याने मान माझ्याकडे वळवली. “ऐकलं? माह्या डोक्यातबी दुकानदारच बसला हाये. नवा माल येनं बंद, तं जुनी थानं उलगडून राह्यला.” दादाही तिथे होता. त्याने “हो मॅडम” म्हटलं, पण त्याचा चेहरा तसाच राहिला. डॉक्टर आजारी माणसाच्या घरच्यांना धीर द्यायला काहीही सांगतात, असं त्याला वाटत असावं.

राहिला प्रश्न टिकलीचा. ज्या मध्यावर नजर ठेवायची तोच आत्याला दिसत नव्हता. तिने घरी सराव सुरू केला. कल्पनावहिनीकडे एक टिकली मागितली. काका गेल्यापासून आत्याने टिकली लावली नव्हती. वहिनी घाबरली, तिने मला फोन केला. “मिनूताई, आई आता टिकली मांगून राह्यल्या. लाल, मोठी. काय करू, देऊ का?” मी म्हणाले, “द्या.” आत्याने वहिनीकडूनच ती कपाटाच्या दारावर, पलंगावर पडल्यावर समोर येईल अशी लावून घेतली आणि रोज दुपारी उताणी पडून तिकडे बघत राहू लागली. टिकली दिसायची नाही. कपाटाच्या चारी कडा दिसायच्या, त्यांच्यावरून मध्य धरायचा. “आंधळ्या कोशिंबिरीसारखं होय,” मला म्हणाली, “पन जमते.”

शेवटी ती आत गेली तेव्हा पडद्यावर काहीच दाखवायचं नव्हतं, नुसता राखाडी रंग आणि टिकली. मुली दिसल्या की फुगा दाबून धरायचा, गेल्या की सोडायचा. त्या दिवशी मी माइकवरून आपलं काही सांगत बसले नाही. दिवा लागत होता, विझत होता. मध्येच एकदा तो अगदी हलका लागून विझला. मी काही सांगितलेलं नसताना आलेला हुंकार... मी तेव्हा फक्त “आहे मी इथे” एवढंच म्हणू शकले.

तो ओघ आम्ही तिच्या डोक्यावर आधीच शिकलेल्या संगणकाला दिला; आकडेमोडीला काही दिवस लागले. निकाल घेऊन मी समुद्रपूरला गेले आणि दुकानातच लॅपटॉप उघडला. गादीवर दादा, बाजूला स्टुलावर आत्या, आतल्या दारात वहिनी. फुगा सुटलेला असतानाची चित्रं राखाडी होती, धुक्यासारखी. फुगा दाबलेला असतानाच्या काही चित्रांत, सगळ्यांत नव्हे, ओळीने उभं काहीतरी होतं, हिरवट. दादा जवळ वाकला.

“या तं बाटल्या होय वं.”

“संगणकाला जे सुचलं ते त्याने भरलंय, दादा,” मी म्हणाले. “उभं आहे, ओळीत आहे आणि हिरवट आहे, एवढंच आपण म्हणू शकतो. आणि तेही नक्की पुरावा नाही.”

“रंग कोनता सांगतला?” आत्याने विचारलं. तिला लॅपटॉप दिसत नव्हता.

“हिरवट, आत्या.”

“मी तुले मशीनजवळ कोनता रंग म्हनला होता?”

“तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत. मशीनला कुणी रंग सांगितला नव्हता.”

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. दादा बराच वेळ त्या बाटल्यांकडे बघत होता. मग त्याने एक प्रश्न विचारला, जो इतक्या दिवसांत त्या घरात कुणी विचारलेला नव्हता.

“आई, आतां बी बसल्या हाये का त्या?”

“हो. तुह्या मांगं. थानाइवर.”

दादाने मागे वळून पाहिलं. मला एवढंच सांगायचं आहे, की त्याने वळून पाहिलं. मागे थानंच होती. तो परत वळला, जरा वेळ नखाने गादीची शिवण उकरत बसला आणि मग उठला. “बस मंग तू इथं. मले जेवाले जाचं आहे.” वहिनी म्हणाली, “आत्ता तं जेवले तुमी,” तर म्हणे, “मंग चहा घेतो.” आत्या स्टुलावरून उठून, हाताने कड चाचपत, गादीवर चढली. तक्क्याला टेकली आणि पहिलं वाक्य बोलली ते मला. “बस न वं थानाइवर. त्या सरकतीन.”

त्यानंतर ती शेवटपर्यंत तिथेच बसत होती. त्या दुपारीही.

आता आमच्याकडे आत्याचा संगणक उरला आहे. म्हणजे फक्त तिचंच डोकं वाचायला शिकलेली ती रचना. सरांनी मला हळू आवाजात विचारलं, ठेवायची का? मी ‘ठेवू’ म्हणाले, कारण सांगता आलं नाही. परवा मी स्वतः स्कॅनरमध्ये झोपले, तीच चित्रं पाहिली आणि माझा ओघ तिच्या संगणकाला दिला. व्हायचं तेच झालं. जिराफ नाही, कापूस नाही, बर्फसुद्धा नाही. नुसती माती कालवल्यासारखी चित्रं. तो तिच्याशिवाय कुणाचंच ऐकू शकत नाही. मला त्याचा राग आला नाही. आतून एकदा मी फुगा हलका दाबून पाहिला. तंत्रज्ञ नवीन होते, ते धावत आत आले.

गेल्या रविवारी समुद्रपूरला गेले. आत्याच्या खोलीतला पलंग तसाच आहे. कल्पनावहिनी पाणी घेऊन आली आणि माझी नजर कुठे गेली ते तिच्या लक्षात आलं. “काढली नाई मी थे,” ती म्हणाली. “कपाट पुसतो तवा तिच्या बाजूबाजूनं पुसतो.” मग पेला ठेवून ती गेली.

मी पलंगावर उताणी पडले. कपाटाच्या दारावर लाल टिकली, मधोमध; एक कड जराशी सुटलेली. मी डोकं हलवलं नाही. एकटक असं बघत राहिलं की कडेचं विरत जातं, हे आम्ही सगळ्यांना आधीच सांगतो, घाबरू नये म्हणून. आत्याला ही टिकली कधी दिसली नाही, तिच्या भोवतीचं सगळं दिसायचं. माझं उलट झालं. आधी कपाटाची कड गेली, मग भिंत, मग खिडकी, मग दाराशी वहिनीने ठेवलेला पेला... टिकली तेवढी राहिली. खोली अगदी शांत होती. मी बोलायला सुरुवात केली.